तांब्या-पितळेची भांडी घासायची कशी: सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

माझं लहानपण शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलं, आजीबरोबर मोरीपाशी बसून पितळ घासत. आता वाडा पडला, आम्ही सिंहगड रोडला फ्लॅटमध्ये आलो, पण भांडी सगळी बरोबर आणली आणि ती रोजच्या वापरात आहेत. गौरी-गणपती जवळ आले की फोनवर नुसते फोटो यायला लागतात, कुणाच्या समईवर हिरवं आलंय, कुणाचं ताम्हन गुलाबी पडलंय, आणि दिवाळीच्या आधी परत तेच. म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतीये. मला आलेल्या फोटोंमधली बरीचशी भांडी न घासल्यामुळे खराब झालेली नव्हती, ती आंबट लावून विसरल्यामुळे आणि नंतर न पुसल्यामुळे खराब झालेली होती, तेवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

१. भांडं तांब्याचं आहे, पितळेचं आहे का काशाचं, ओळखायचं कसं?

तांबं लालसर, पितळ पिवळं. पितळ म्हणजे तांब्यात जस्त मिसळलेलं, आणि कासं म्हणजे तांब्यात कथील, साधारण ७८ ला २२ असं प्रमाण. काशाचा रंग पितळेपेक्षा फिका असतो आणि बोटाने टिचकी मारली की नाद बराच वेळ घुमत राहतो. सगळंच काळं पडलेलं असेल तर बुडाला जिथे दिसणार नाही तिथे लिंबाची फोड घासा, दोन मिनिटांत खरा रंग दिसतो. लोहचुंबक पण लावून बघा, घट्ट चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता पितळी मुलामा आहे. असं भांडं आंबटाने घासायचंच नाही, मुलामा निघून जातो.

२. रोज घासायचं का आठवड्याने? आणि रोजचं घासायचं कशाने?

देवाची उपकरणी आणि पाण्याचा तांब्या रोज नुसते साबणाने धुवून लगेच कोरड्या फडक्याने पुसले तरी आठवडाभर छान राहतात. आंबट लावून घासणं आठवड्यातून एकदा, सणाच्या आधी एकदा, बस. दर वेळी आंबटाबरोबर धातूचा अगदी बारीकसा थर जातो, तो दिसत नाही पण जातो. आजीची एक फुलपात्रांची जोडी आहे, त्यातलं एक देवापाशी असायचं आणि रोज चिंचेने घासलं जायचं, दुसरं फडताळात पडून होतं. आज पहिल्याची कड दुसऱ्यापेक्षा पातळ लागते, बोट फिरवलं की कळतं.

३. चिंच, लिंबू, आमसूल, ताक, पितांबरी, यातलं नक्की काय चांगलं?

सगळ्यांचं काम एकच, आंबटपणाने वरचा काळा थर सोडवायचा. चिंचेत टार्टारिक आम्ल, लिंबात सायट्रिक, ताकात लॅक्टिक. सोबत मीठ घातलं की काम झपकन होतं, आणि मिठाचे दाणे थोडे घासायलाही उपयोगी पडतात. मी रोजच्या भांड्यांना चिंचेचा चोथा वापरते कारण सार काढल्यावर तो नाहीतरी टाकायचाच असतो. नक्षीच्या भांड्याला ताक, कारण ते सगळ्यात सौम्य. भांडी खूप असतील तर किराणा दुकानात मिळणारं लिंबू-सत्व म्हणजे सायट्रिक ॲसिड, १ लिटर कोमट पाण्यात १ चमचा घालून भांडी ५ ते १० मिनिटं बुडवायची, चोळायचीही फारशी गरज पडत नाही. पितांबरी चालते, हाताला सोपी आहे, पण खाचांमध्ये पूड अडकून पांढरी दिसत राहते, म्हणून नक्षीवर नको.

काहीही लावा, शेवट मात्र सारखाच. साबणाने धुवायचं, मग खायचा सोडा घातलेल्या पाण्यातून काढायचं म्हणजे उरलेलं आंबट मरतं, मग साध्या पाण्याने धुवायचं आणि लगेच पुसायचं. पुसणं का एवढं महत्त्वाचं ते प्रश्न ६ मध्ये लिहिलंय.

४. राख, रांगोळी, विटेची पूड, तारेची घासणी? आमच्या मावशी याच्याशिवाय घासतच नाहीत.

लाकडाची चाळलेली राख चांगली, तिच्यातल्या खारामुळे तेलकटपणा जातो. पण आता राख मिळते कुठे, आणि कोळशाची किंवा कचऱ्याची राख नको, त्यात खडे असतात. रांगोळी आणि विटेची पूड म्हणजे दगडाचीच भुकटी, चकाकी येते पण बारीक चरे पडतात, आणि चरे पडलेलं भांडं पुढच्या वेळी जास्त लवकर काळवंडतं कारण ओल आणि मळ त्यात बसून राहतो. तारेची घासणी तर अजिबात नको, तिचे लोखंडी कण पितळेत रुततात आणि दोन दिवसांनी तांबूस गंजाचे ठिपके दिसायला लागतात. मावशींना नारळाची शेंडी द्या. आमच्याकडे ज्या मावशी येतात त्यांना मी एकदा शेजारी बसून दोन वाट्या वेगवेगळ्या घासून उन्हात धरून दाखवल्या, त्यानंतर त्यांनी स्वतःहून घासणी बाजूला ठेवली.

५. लिंबू-मीठ लावून रात्रभर ठेवलं, आता पितळ गुलाबी झालंय. गेलं का भांडं?

गेलं नाही, पण काय झालंय ते समजून घ्या. आंबटात फार वेळ राहिलं की पितळेतलं जस्त आधी विरघळतं आणि वर नुसतं तांबं उरतं, तेच गुलाबी दिसतं. माझ्याच हातून हे झालंय. आमच्या घंगाळाला दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंच-मीठ थापून ठेवलं, पाहुणे आले, मी ते विसरले आणि सकाळी बघते तर अर्ध्या घंगाळावर लालसर नकाशा उमटलेला. मी परत लिंबू लावलं तर ते अजूनच वाढलं. हा डाग आंबटाने निघत नाही कारण तो मळ नाहीच, तो धातूच आहे. तो फक्त घासून म्हणजे पॉलिशने वरचा थर काढूनच जातो, मऊ कापडावर पॉलिशची पेस्ट घेऊन हळूहळू, किंवा तांबटाकडे नेऊन. थोडासा गुलाबीपणा असेल तर काहीच करू नका, हवेने तो पाचसहा महिन्यांत आपोआप मावळतो, म्हणजे परत पिवळं होत नाही पण सगळं सारखं तपकिरी पडतं आणि मग नजरेला खुपत नाही.

लिंबू-चिंच थेट लावून ठेवायची वेळ २ ते ५ मिनिटं, मोबाईलवर टायमर लावा.

६. घासल्यावर दुसऱ्याच दिवशी डाग पडतात, थेंबाथेंबाचे. असं का?

कारण पुसलं नाही, नुसतं पालथं घातलं. नुकतं आंबटाने घासलेलं पितळ अगदी उघडं असतं, पाण्याचा थेंब जिथे सुकतो तिथे गोल काळा डाग उमटतो. त्यात पुण्यात पाण्याचाही फरक आहे. खडकवासल्याचं नळाचं पाणी त्या मानाने मऊ, पण नवीन सोसायट्यांमधून बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी येतं ते जड, क्षारांचं, आणि त्याचे पांढरे ठिपके राहतात. शेवटचं खंगाळणं प्यायच्या पाण्याने करा, मग जुन्या सुती धोतराच्या किंवा साडीच्या तुकड्याने पुसा आणि १५ मिनिटं उन्हात ठेवा. बोटांचे ठसेसुद्धा याच प्रकारातले, घामातल्या मिठामुळे उठतात, म्हणून उचलून ठेवताना फडक्यात धरून ठेवायचं.

७. हिरवं आलंय. विषारी असतं का ते?

हिरवं म्हणजे ओल, हवा आणि मीठ किंवा आंबट मिळून तांब्याचे झालेले क्षार. पोटात जाऊ नये ते, उलट्या-मळमळ होते. पण हिरवं आलं म्हणून भांडं वाया गेलं असं नाही. ताक नाहीतर लिंबू लावून, जुन्या टूथब्रशने खाचांतून काढून, प्रश्न ३ मधल्यासारखं धुवायचं. काळं आणि हिरवं यात फरक करा, काळं म्हणजे नुसता हवेचा परिणाम, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हिरवं एकाच जागी परत परत येत असेल तर तिथे बारीक चीर असते किंवा जुना डाग म्हणजे धातू वितळवून केलेला जोड दिलेला असतो आणि आत ओल मुरते, अशा भांड्यात खायचं काही ठेवू नका आणि तांबटाला दाखवा.

८. समईचं तेल निघतच नाही, चिकट काळं झालंय, लिंबाने पण जात नाही.

लिंबाने जाणारच नाही, कारण ते तेल आहे. आंबट धातूवरच्या काळेपणाला चालतं, तेलाच्या चिकट्याला नाही. आधी समई आटे सोडवून सुटी करा, वरचा मोर, तबक, दांडा, बैठक. आटे अडकले असतील तर पकड लावू नका, दांडा पिळवटतो. आमच्या तुळशीबागेतून घेतलेल्या समईचे आटे तीन वर्षांच्या तेलाने गच्च बसले होते, तो सांधा मी कढत पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवला, मग फडक्यात धरून एकदाच जोर दिला तर पिवळट डिंकासारखा दोरा सुटत सुटत ती उघडली. सुटी झाली की कढत पाण्यात धुण्याचा सोडा, मूठभर, बादलीला, तासभर. हातमोजे घाला. वातीच्या चोचीपाशी काजळी राहते तिथे बांबूच्या काडीने खरवडा, सुरीने नाही. तेल पूर्ण निघालं की मग आंबट. आधी आंबट लावलं तर तेलाखाली तसंच काळं राहतं आणि बाकीचं चकाकतं, भांडं चट्ट्यापट्ट्यांचं दिसतं.

९. देवाच्या मूर्ती कशा घासू? बाळकृष्णाचं नाक-डोळे पुसट झालेत.

घासूच नका इतक्या. रोज ओल्या फडक्याने पुसा, चंदन-कुंकू कोमट पाण्याने भिजवून काढा, महिन्यातून एकदा ताक लावून मऊ ब्रशने, एवढंच. नाक-डोळे गेले ते रोजच्या पुडीने गेलेत, ते परत येत नाहीत. आणि नाक-डोळे झिजलेला बाळकृष्ण बदलायची काही गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे, पाच पिढ्यांचे हात लागून तो तसा झालाय.

१०. गौरीचे पितळी मुखवटे घासायचे का?

हा प्रश्न दरवर्षी भाद्रपदात येतो आणि बऱ्याचदा उशिरा येतो. मुखवट्याचे डोळे, भुवया, ओठ रंगवलेले असतात, लिंबू किंवा पितांबरी लागली की रंग सुटतो. कपाळ-गाल मऊ कापडावर थोडं ताक घेऊन पुसा, डोळ्यांपासून बोटभर लांब, लगेच ओल्या आणि मग कोरड्या कापडाने पुसा, मुखवटा पाण्याखाली धरू नका. रंग आधीच गेला असेल तर स्वतः नेलपेंटने भरू नका, मुखवटे रंगवून देणारे कारागीर असतात, पण श्रावणातच नेऊन द्या, ऐनवेळी त्यांच्याकडे फार गर्दी असते.

११. नवीन पितळी समई आणली, वर्षभर चमकत होती, आता ठिकठिकाणी काळे पॅच आलेत आणि काही केल्या जात नाहीत.

तिच्यावर लॅकर मारलेलं आहे, पारदर्शक थर. तो कुठेकुठे फुटला आणि तिथून हवा आत गेली. लॅकरच्या वरून कितीही लिंबू चोळा, खाली पोचत नाही. कापसावर ॲसिटोन घेऊन पुसा, खिडकी उघडी ठेवून, गॅस आणि दिवा बंद करून, सगळं लॅकर निघालं की मग नेहमीसारखं घासा. दिवा लावायच्या भागावर लॅकर ठेवूच नये, तापून जळतं आणि वास येतो.

१२. कल्हई म्हणजे काय, आणि कल्हई केलेलं भांडं कशाने घासायचं?

कल्हई म्हणजे आतून कथलाचा पातळ थर. भांडं भट्टीवर तापवून, नवसागर टाकून, पांढरा धूर निघाला की कथील फिरवून कापसाने सगळीकडे पसरतात. आंबटाचा पितळेशी संबंध येऊ नये म्हणून. बिनकल्हईच्या पातेल्यात आमटी, कढी, टोमॅटोचं सार काही केलं की कळकतं, हिरवट चव येते, आणि ते फेकून द्यावं लागतं.

कल्हईच्या आतल्या बाजूला आंबट नाही, पूड नाही, घासणी नाही. मऊ कापड आणि साबण. खाली लागलं असेल तर पाणी घालून उकळा आणि लाकडी उलथन्याने सोडवा. कल्हई हळूहळू राखाडी होते ते ठीक आहे, खालचं पिवळं किंवा लाल दिसायला लागलं की परत करायची वेळ आली. आणि कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे रिकामं भांडं गॅसवर तापत ठेवलं की कल्हईचे थेंब होऊन बुडाला गोळा होतात. फोडणी वेगळ्या कढल्यात करा आणि वरून घाला. कल्हईवाल्याला शुद्ध कथील वापरायला सांगा, स्वस्तात करून देणाऱ्याकडे शिशाची भेसळ असू शकते आणि ते थेट पोटात जातं.

१३. तांब्याची पाण्याची बाटली आतून काळी झालीय, हात जात नाही.

अर्ध्या लिंबाचा रस, चमचाभर जाडं मीठ, थोडं कोमट पाणी, झाकण लावून दोन मिनिटं हलवा, ओता, चारपाच वेळा खळखळून धुवा, तोंड खाली करून पूर्ण वाळवा. पावडर, साबणाची पूड आत घालू नका, निघत नाही. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. बाटलीत फक्त साधं पाणी, लिंबू सरबत, ताक, कोकम काही नको, आंबटात तांबं उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात तांब्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम सांगितलीय, साधं पाणी रात्रभर ठेवून तिच्या जवळपासही सहसा जात नाही, आंबट ठेवलं की भराभर वाढतं.

१४. काशाची ताट-वाटी लिंबाने घासली तर चालेल का?

नको. कासं आंबटाने डागाळतं आणि ते डाग पितळेसारखे सहज निघत नाहीत. साबण, कोमट पाणी, लगेच पुसणं. आणि कासं ठिसूळ आहे, सिंकमध्ये स्टीलच्या ढिगाखाली ठेवलं तर तडकतं, त्याला पितळेसारखं ठोकून सरळ करता येत नाही. पायाला तूप लावून चोळायची काशाची वाटी काळी पडते ते तुपामुळे, गरम पाणी आणि साबणाने जातं.

१५. काचेवर मारायचा निळा स्प्रे पितळेवर मारला तर? मस्त चकाकतं.

ज्याच्यात अमोनिया आहे ते पितळेवर नको. हे नुसतं डागापुरतं नाही, अमोनियाने पितळेला चिरा जातात. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेली काडतुसं आपोआप तडकायची, कोणाला कारण कळेना, १९२१ मध्ये उलगडा झाला की घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळ ओढून आकार देताना त्यात राहिलेला ताण, दोन्ही मिळून ते होत होतं. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. आपले तांबे आणि लोट्यासुद्धा पत्रा ठोकून-ओढूनच बनतात, ताण त्यांच्यातही असतो. मी तर घरातल्या मांजराच्या शी-शूच्या ट्रेजवळ पण पितळ ठेवत नाही.

१६. ब्रासो (बाजारात मिळणारं धातूचं पॉलिश) वापरू का?

दाराची कडी, नावाची पाटी, बेल्टचं बक्कल यांना खुशाल. कॅम्पात आणि खडकीत, म्हणजे लष्कराच्या भागात राहिलेल्यांना त्याचा वास लहानपणापासून ओळखीचा आहे. पण खायच्या, प्यायच्या आणि तीर्थाच्या भांड्यांना नाही.

१७. मठाराच्या भांड्याला मशीनने बफिंग करून देतो म्हणाला दुकानदार, करू का?

मुळीच नको. मठार म्हणजे हातोडीने एकेक ठोका शेजारी शेजारी देऊन उठवलेले गोल ठसे, त्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि प्रकाशही त्याच्यावर तुटून पडतो. बफिंगचं चाक ते ठसे खाऊन टाकतं. कसबा पेठेत तांबट आळीत जाऊन एकदा उभं राहा, पेशवाईत कोकणातून आलेल्या घराण्यांचं हे काम अजून चालू आहे, एका घंगाळावर किती ठोके पडतात ते बघितलंत तर चाकाखाली द्यायची इच्छाच होणार नाही. पोचा काढायचा असेल, डाग द्यायचा असेल तर तिथेच न्या.

१८. जुन्या बाजारातून घेतलेलं पातेलं स्वयंपाकाला वापरता येईल?

बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात खरंच सुंदर वस्तू मिळतात, मी पण घेते. पण जुन्या पितळेत आणि जुन्या जोडांमध्ये शिसं असू शकतं, आणि भांड्यात आधी काय ठेवलं होतं ते कळायला मार्ग नाही. कल्हई केली तरी जोडावर थर टिकेलच असं नाही. माझ्याकडची तिथली दोन पातेली झाडांना आहेत, तिसऱ्यात रांगोळीच्या पाण्यात फुलं तरंगतात.

१९. वर्षातून एकदाच लागणारी भांडी कशी बांधून ठेवू?

प्रश्न ६ सारखी वाळवा, एक दिवस घरात उघडी ठेवा, मग जुन्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. वर्तमानपत्र ओल धरतं, प्लास्टिकची पिशवी तर आतल्या आत घाम आणते, आणि रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकाची काळी रेघ उमटते. शोभेच्या वस्तूवर खोबरेल तेलाचा बारीक हात फिरवला तरी चालतो, खायच्या भांड्यावर नको, खवट वास लागतो. पावसाळ्यात एकदा उघडून बघा.

२०. सासरे फौजेत होते, शोकेसमध्ये तोफेच्या गोळ्याचं पितळी नळकांडं आणि दोनचार काडतुसं आहेत. घासू का?

घासायच्या आधी ती रिकामी आहेत का ते बघायचं, आणि तेही फक्त नजरेने. डागलेल्या काडतुसाला पुढे गोळी नसते आणि बुडाच्या मध्यावर जी छोटी गोल टोपी असते तिच्यावर ठोका बसल्याचा खड्डा दिसतो. पण खड्डा आहे म्हणजे उडालंच आहे अशी खात्री धरू नका, ठोका बसूनही न उडालेली काडतुसं असतात. पुढे गोळी बसलेली दिसली, किंवा काहीच कळत नसेल, तर हात लावू नका, तापवू नका, कुठल्याही पाण्यात बुडवू नका, आपण ठोकून-हलवून बघायला जातो ते तर अजिबात करू नका. जवळच्या पोलीस चौकीत फोन करा, ते माणूस पाठवतील. रिकामी आहेत अशी खात्री असली तरी घरात ठेवायला कागद लागतात का ते त्यांनाच विचारून घ्या, शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भागही येतात.

फुलदाणी केलेलं उघडं नळकांडं असेल आणि जाणत्या माणसाने ते बघितलेलं असेल तर बाहेरून ताक, लगेच धुणं, लगेच पुसणं. बुडावर आकडे आणि वर्ष ठोकलेलं असतं तिथे पॉलिश फिरवू नका, ते आकडे गेले तर ते कुठलं, कधीचं होतं ते सांगायला दुसरं काही राहत नाही.